चूक नेमकी कुठे? : काशीतले मराठी गणक आणि एका जुन्या हिशोबाची दुरुस्ती

संगणक दुरुस्त करणारा जाणता माणूस घरी आला की पहिली दहा मिनिटे तो काहीच दुरुस्त करत नाही. तो विचारत बसतो. हे कधीपासून होतेय? रोज होते की अधूनमधून? त्याआधी काही नवीन टाकले होते का? दुसऱ्या यंत्रावर तीच फाइल उघडून पाहिली का? मग तो बिघाड स्वतःच्या डोळ्यांसमोर पुन्हा घडवून आणतो. आकडा चुकतोय तो भरलेल्या माहितीमुळे, सूत्रामुळे, यंत्रामुळे की वाचणाऱ्यामुळे, हे तो एकेक करून बाजूला काढतो. एका वेळी एकच गोष्ट बदलतो, काय बदलले ते लिहून ठेवतो, आणि निघण्यापूर्वी या दुरुस्तीने दुसरे काही बिघडले नाही ना, तेही पाहतो. अडाणी दुरुस्ती करणारा मात्र आल्या आल्या चार गोष्टी एकदम बदलतो. यंत्र चालू लागते, पण कशाने चालू झाले हे कुणालाच कळत नाही.

‘संगणक’ हा शब्द आपण नवा घडवला. त्याच्या पोटातला ‘गणक’ मात्र फार जुना आहे. ग्रहांची गणिते करणारा, पंचांग सिद्ध करणारा, तो गणक. इंग्रजीतही ‘कंप्युटर’ हे आधी माणसाचे नाव होते, यंत्राला ते नंतर मिळाले. त्या गणकांच्या हिशोबातही बिघाड होत, आणि त्यांनाही हेच प्रश्न पडत. या इतिहासातला एक लांबलचक आणि भांडखोर अध्याय काशीत घडला, आणि त्यातली बरीच माणसे महाराष्ट्रातून तिथे गेलेली होती.

आधी तो हिशोब काय होता ते पाहू. पंचांग करायचे तर पहिले काम म्हणजे ठरावीक आरंभापासून आजपर्यंत किती दिवस झाले ते मोजणे. या संख्येला अहर्गण म्हणतात. त्या दिवसांना ग्रहाच्या रोजच्या सरासरी गतीने गुणले की ग्रहाची मध्यम जागा मिळते. मग ग्रह कधी जलद, कधी मंद दिसतो त्यासाठी संस्कार करायचे, की त्याची स्पष्ट जागा मिळते. चंद्राच्या जागेतून सूर्याची वजा करून बारा अंशांनी भागले की तिथी. म्हणजे आरंभबिंदू, काही स्थिरांक, ठरलेल्या क्रमाने करायच्या क्रिया आणि शेवटी उत्तर. हा एक कार्यक्रमच आहे, फक्त तो श्लोकांत लिहिलेला आणि माणसाच्या डोक्यात चालणारा.

अशा कार्यक्रमात चूक पहिल्या दिवशी दिसत नाही. सूर्यसिद्धान्ताचे वर्ष खऱ्या नाक्षत्र वर्षापेक्षा सुमारे साडेतीन मिनिटांनी मोठे आहे. साडेतीन मिनिटे कुणाच्या लक्षात येणार? पण ती दरवर्षी साठत जातात आणि हजार वर्षांत त्यांचे जवळजवळ अडीच दिवस होतात. ग्रहांच्या गतीतल्या बारीक चुकाही अशाच साठतात. ग्रंथ रचला तेव्हा आकाशाशी जुळणारे गणित पुढच्या काही पिढ्यांत सुटू लागते. गुरू-शनीची युती पोथीत एका दिवशी आणि आकाशात दुसऱ्या दिवशी. यावर उपाय म्हणून मूळ स्थिरांकात थोडी भर घालायची किंवा वजाबाकी करायची. त्या दुरुस्तीला ‘बीजसंस्कार’ म्हणत. मूळ ग्रंथाला हात न लावता वरून लावलेले हे ठिगळ. आजचे संगणकवाले ज्याला ‘पॅच’ म्हणतात तेच हे.

ठिगळ लावण्याची सर्वांत धीट मराठी उदाहरणे कोकणातल्या नांदगावची आहेत. तिथल्या केशव दैवज्ञाने पंधराव्या शतकाच्या अखेरीस ग्रहांचे वेध घेतले आणि प्रचलित ग्रंथांचे आकडे आकाशाशी कुठे कुठे जुळत नाहीत ते नोंदवले. त्याने पुढच्यांसाठी एक स्पष्ट सूचनाही ठेवली. पुढे पुन्हा अंतर पडेल, तेव्हा चांगल्या गणकांनी ग्रह-नक्षत्रांच्या युती आणि उदयास्त पाहून गती कमीजास्त करून घ्याव्यात. आपली दुरुस्ती कायमची नाही, हे दुरुस्ती करणाऱ्यानेच लिहून ठेवावे, ही साधी गोष्ट नाही.

त्याचा मुलगा गणेश दैवज्ञ. त्याच्या ‘ग्रहलाघवा’चा आरंभ शके १४४२, म्हणजे इ. स. १५२०. गणेशाने काय केले पाहा. सूर्य घेतला सौरपक्षाचा. चंद्रही त्याच पक्षाचा, पण त्यातून नऊ कला वजा केल्या. गुरू, मंगळ आणि राहू आर्यपक्षाचे. शनी आर्यपक्षाचाच, पण पाच अंश वाढवून. बुधासाठी ब्राह्मपक्ष. शुक्रासाठी ब्राह्म आणि आर्य यांच्या मधले मान. कारण एवढेच दिले की असे घेतले म्हणजे ते डोळ्यांना दिसतात तिथे येतात. तीन निरनिराळ्या परंपरांतले सुटे भाग एका यंत्रात बसवण्याला पंथाभिमानी माणूस तयार झाला नसता. गणेशाने कसोटी एकच ठेवली, ती म्हणजे आकाश.

दुसरे काम त्याने केले ते गणिताचा भार हलका करण्याचे. कलियुगाच्या आरंभापासून मोजले तर त्याच्या काळी अहर्गण सुमारे १६ लाख ८८ हजारांवर गेला होता. एवढ्या मोठ्या संख्येला पुन्हा मोठ्या संख्यांनी गुणायचे, भागायचे, तेही पाटीवर, म्हणजे हातच्याची चूक ठरलेली. गणेशाने ११ वर्षांचे चक्र धरले. चक्रातले दिवस ४०१६. पूर्ण झालेली चक्रे वेगळी मोजायची आणि फक्त उरलेल्या दिवसांवर गणित करायचे, म्हणजे संख्या चार हजारांच्या आसपासच राहते. ज्या-कोटिज्यांची, म्हणजे त्रिकोणमितीची, कोष्टकेही त्याने टाळली. मोजणीची संख्या हाताबाहेर वाढू न देणे ही अडचण आजच्या यंत्रांनाही चुकलेली नाही. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजणाऱ्या जुन्या ३२ बिटांच्या प्रणालींमधली जागा १९ जानेवारी २०३८ रोजी संपते, आणि त्यासाठी आज जगभर दुरुस्त्या चालू आहेत.

‘ग्रहलाघव’ सोपे होते म्हणून ते देशभर पसरले. पण सोप्या साधनात एक धोका असतो. ते का चालते हे वापरणाऱ्याला कळत नाही, म्हणून ते बिघडले तर कुठे हात घालायचा हेही कळत नाही. इथे काशीचा संबंध येतो. गोदावरीकाठच्या गोलग्रामचा दिवाकर हा गणेशाचा शिष्य. त्याची मुले आणि नातवंडे पुढे काशीत राहिली. मुलांपैकी मल्लारीने ‘ग्रहलाघवा’वर टीका लिहून प्रत्येक रीतीची उपपत्ती दिली. ही संख्या इथे का आली, ही पायरी का गाळली, हे उलगडून दाखवले. विश्वनाथाने दुसऱ्या अंगाने टीका लिहिली. त्याने प्रत्यक्ष तारखा घेऊन गणिते सोडवून दाखवली. कुणालाही आपले उत्तर विश्वनाथाच्या उत्तराशी ताडून आपली पायरी कुठे घसरली हे शोधता येई. एकाने कारण लिहिले, दुसऱ्याने नमुन्याची उत्तरे. दुरुस्ती करणाऱ्याच्या पेटीत याहून अधिक उपयोगाचे दुसरे काही नसते.

काशीत याच सुमारास दुसरेही एक महाराष्ट्रीय घराणे होते. ते विदर्भातल्या पयोष्णीकाठच्या दधिग्रामचे. त्यातल्या रंगनाथाने १६०३ मध्ये सूर्यसिद्धान्तावर ‘गूढार्थप्रकाशक’ ही टीका पुरी केली. त्याचा मुलगा मुनीश्वर, ‘सिद्धान्तसार्वभौमा’चा कर्ता. गोलग्रामकरांमध्ये विश्वनाथाच्या पुढच्या पिढ्यांत कमलाकर झाला. त्याने १६५८ मध्ये काशीत ‘सिद्धान्ततत्त्वविवेक’ पूर्ण केला. या दोन घराण्यांचे पटत नसे. मुनीश्वर भास्कराचार्यांचा अभिमानी, तर कमलाकर भास्कराचार्यांवर तुटून पडणारा आणि सूर्यसिद्धान्ताला अपौरुषेय मानणारा. मुनीश्वराने एक रीत सांगावी आणि कमलाकराच्या रंगनाथ नावाच्या भावाने तिचे खंडन लिहावे, असा प्रकार चाले.

कमलाकर हा या गोष्टीतला सर्वांत अवघड माणूस. त्याची नजर तीक्ष्ण होती. ज्याला आपण ध्रुवतारा म्हणतो तो नेमका ध्रुवस्थानी नाही, हे त्याने स्वच्छ सांगितले. तरीही गणित आणि आकाश यांत फरक पडला तर काय करावे, याचे त्याने दिलेले उत्तर दुहेरी आहे. जे डोळ्यांना दिसते त्यासाठी, म्हणजे ग्रहण, उदयास्त, युती यांसाठी डोळ्यांशी जुळणारे गणित घ्यावे. पण ज्याचे फळ अदृष्ट आहे, म्हणजे व्रत, श्राद्ध, मुहूर्त यांच्या तिथीसाठी सूर्याने सांगितलेले गणित बीजसंस्काराशिवाय, जसेच्या तसे घ्यावे. एकाच हिशोबाची दोन रूपे झाली. एक दुरुस्त केलेले, दुसरे दुरुस्तीला बंद. पुढच्या अडीचशे वर्षांच्या भांडणाचे बीज इथे आहे.

आता दशाश्वमेधाला लागून उत्तरेला असलेल्या मानमंदिर घाटावर जाऊ. वाडा आमेरच्या राजा मानसिंहाचा. त्याच्या गच्चीवर अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सवाई जयसिंहाने वेधशाळा उभारली. तिथे सम्राटयंत्र आहे, सुमारे २२ फूट उंचीच्या तिरक्या भिंतीचे. दक्षिणोत्तर भित्तियंत्र, नाडीवलय, चक्रयंत्र आणि दिगंशयंत्र आहे. जयसिंहाच्या पदरचा जगन्नाथ सम्राट हा पंडितही परंपरेने महाराष्ट्रीय मानला जातो. त्याने टॉलेमीचा ग्रंथ अरबीतून संस्कृतात आणला.

जयसिंहाने आपल्या फारसी कोष्टकांच्या प्रस्तावनेत यंत्रे दगडाची का केली ते सांगितले आहे, आणि ती प्रस्तावना म्हणजे बिघाड शोधण्याचा उत्तम नमुना आहे. आधी त्याने पितळेची यंत्रे करवली. उत्तरे चुकू लागली. त्याने गणिताला दोष न देता यंत्र तपासले. आकार लहान, म्हणून कलांच्या खुणा करता येत नाहीत. आस झिजतो आणि डळमळतो. वर्तुळाचा मध्य सरकतो. यंत्राची पातळी ढळते. ही कारणे एकेक करून दूर करायची तर यंत्र मोठे, जड आणि जमिनीत रोवलेले हवे, म्हणून दगड आणि चुना. शिवाय वेध बरोबर आहेत की नाही हे ताडून पाहता यावे म्हणून दिल्ली, जयपूर, मथुरा, उज्जैन आणि काशी अशी ठिकठिकाणी यंत्रे बांधली. पोर्तुगालमधून त्याने ला इर या फ्रेंच ज्योतिष्याची कोष्टके मागवली, तर त्यांतल्या चंद्राच्या जागेत त्याला अर्ध्या अंशाचा फरक आढळला. परदेशातून आलेले म्हणूनही त्याने ते डोळे मिटून घेतले नाही.

तरी एक दोष राहिलाच. सम्राटयंत्र भिंतीच्या सावलीवर चालते. सूर्याचे बिंब अर्ध्या अंशाचे आहे, त्यामुळे सावलीची कड कधीच धारदार नसते. गडद आणि उजेड यांच्या मध्ये एक धूसर पट्टा असतो आणि तो वेळेच्या हिशोबात सुमारे दोन मिनिटांचा असतो. यंत्र दुप्पट मोठे केले तर खुणा दुप्पट लांब होतात आणि तो पट्टाही दुप्पट रुंद होतो. जयपूरच्या मोठ्या सम्राटयंत्रावर दोन-दोन सेकंदांच्या खुणा आहेत, पण कसलेल्या वेधकाने दोऱ्याने किंवा काडीने सावलीचा मध्य शोधल्याशिवाय त्या वाचता येत नाहीत. दोष यंत्रात नव्हताच, प्रकाशातच होता. मोठे यंत्र बांधून तो जाणारा नव्हता.

या गच्चीवरच्या यंत्रांचे वर्णन १८६६ मध्ये लिहिले ते बापूदेव शास्त्री यांनी. १८२१ चा जन्म, महाराष्ट्रीय घराणे, नागपुरात शिक्षण. तिथे या मुलाचे गणित भोपाळचा पोलिटिकल एजंट लान्सलॉट विल्किन्सन याच्या नजरेत भरले, आणि त्याने १८३८ मध्ये त्याला सिहोरच्या संस्कृत पाठशाळेत नेले. १८४२ मध्ये बापूदेव काशीच्या संस्कृत पाठशाळेत रेखागणित शिकवू लागले. १७९१ मध्ये स्थापन झालेली ही पाठशाळा म्हणजे आजचे संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालय. त्यांनी हिंदीत बीजगणित लिहिले. सूर्यसिद्धान्ताचे इंग्रजी भाषांतर केले. भास्कराचार्यांच्या गोलाध्यायाचे विल्किन्सनने केलेले भाषांतर तपासून दिले. दोन्ही १८६१ मध्ये कलकत्त्याला एकत्र छापली गेली. १८७८ मध्ये त्यांना सरकारचा सी. आय. ई. किताब मिळाला, १८८७ मध्ये महामहोपाध्याय पदवी.

या माणसाने १८७०च्या दशकात काशीतून एक पंचांग काढले. त्याचे आकडे इंग्लंडच्या ‘नॉटिकल अल्मनॅक’वरून घेतलेले होते, म्हणजे आकाशाशी जुळणारे. ज्याने सूर्यसिद्धान्त ओळ न् ओळ वाचला, भाषांतरित केला, शिकवला, त्यानेच पंचांगासाठी त्याचे आकडे बाजूला ठेवले. परंपरा ठाऊक नसलेल्याने हे केले असते तर काशीने त्याला हसून सोडून दिले असते. बापूदेवांना हसून सोडता येण्यासारखे नव्हते.

मग विरोध का झाला? ग्रहणे तर जुन्या पंचांगांचीही बऱ्यापैकी जुळत होती. ‘ग्रहण वेळेवर लागते, मग गणित चुकते कसे?’ हा प्रश्न आजही ऐकू येतो, आणि तो बिनतोड वाटतो. या प्रश्नाचे उत्तर हा या सगळ्या इतिहासाचा गाभा आहे.

चंद्राची गती फार ओढाळ आहे. सिद्धान्तग्रंथ तिच्यासाठी एक मोठा संस्कार देतात, जास्तीत जास्त सुमारे पाच अंशांचा. प्रत्यक्षात चंद्राला मुख्य फरक सव्वासहा अंशांहून थोडा अधिक आहे आणि सूर्याच्या ओढीने पडणारा दुसरा एक फरक सव्वा अंशाच्या आसपास आहे. अमावास्या आणि पौर्णिमेला हे दोन एकमेकांच्या विरुद्ध पडतात. सव्वासहातून सव्वा गेला की उरतात पाच, म्हणजे जुन्या ग्रंथांचाच आकडा. अष्टमीच्या सुमारास मात्र ते एकमेकांत मिळतात आणि फरक साडेसात अंशांवर जातो. तिथे जुन्या गणिताचा चंद्र अडीच अंशांपर्यंत चुकू शकतो, आणि तिथी सुमारे पाच तासांपर्यंत.

आता कसोटी कुठे घेतली जात होती ते पाहा. ग्रहण लागते फक्त अमावास्येला किंवा पौर्णिमेला. म्हणजे जिथे दोष आपोआप झाकला जातो नेमक्या तिथेच शतकानुशतके परीक्षा होत राहिली, आणि गणित दरवेळी उत्तीर्ण झाले. मुंजालाने दहाव्या शतकातच चंद्रासाठी दुसरा संस्कार सांगितला होता, पण पंचांगांच्या चालू गणितात तो रुळला नाही. आजही एखादी प्रणाली महिनोन्महिने नीट चालते आणि महिनाअखेरीला, किंवा २९ फेब्रुवारीला अडते. ती बिघडली त्या दिवशी असे आपल्याला वाटते. ती पहिल्या दिवसापासून बिघडलेलीच असते, फक्त त्या जागी कुणी हात लावलेला नसतो.

दुसरी अडचण याहून बिकट होती. जुन्या गणिताने तिथी मोठी झाली तर ६५ घटिकांची, लहान झाली तर ५४ घटिकांची होते. सरासरी ६० धरली तर वाढ पाचाची, घट सहाची, म्हणून ‘बाणवृद्धी रसक्षय’ हे सूत्र. दृक्प्रत्ययाच्या गणिताने तिथी सुमारे ६७ पर्यंत वाढते आणि ५० पर्यंत घटते, म्हणजे ‘सप्तवृद्धी दशक्षय’. नव्या पंचांगाला विरोध करणाऱ्या शास्त्र्यांचे म्हणणे असे की श्राद्धाचा काळ, एकादशीचा वेध, पारणे यांचे धर्मशास्त्रातले निर्णय बाणवृद्धी रसक्षय गृहीत धरून बसवलेले आहेत. तिथी दहा घटिकांनी घटू लागली तर ते निर्णय कोलमडतील. हा युक्तिवाद हटवादी म्हणून उडवून लावता येत नाही. जुन्या गणिताच्या चुकीवर दुसऱ्या नियमांची अख्खी इमारत उभी होती. पाया सरळ करायला जावे तर भिंतीला तडा जाणार.

संगणकाच्या जगातले एक उदाहरण इथे चपखल बसते, आणि तेही दिनदर्शिकेचेच आहे. ‘लोटस १-२-३’ या जुन्या हिशोबाच्या प्रणालीत इ. स. १९०० हे लीप वर्ष मानले होते. ते तसे नाही. नंतर आलेल्या ‘एक्सेल’ने ही चूक जाणूनबुजून तशीच ठेवली, कारण लोकांच्या जुन्या फाइली त्या मोजणीवर बसवलेल्या होत्या. २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न उगवलेला दिवस एक्सेलमध्ये आजही आहे. चूक पुरेशी जुनी झाली की ती नियम होते. कमलाकराने अदृष्टासाठी बीजाविना गणित राखून ठेवले तेव्हा त्याने जे केले ते याच जातीचे होते. फरक एवढाच की त्याने त्याला सोयीचे नाव न देता पावित्र्याचे नाव दिले.

हीच खटपट तिकडे महाराष्ट्रात चालली होती. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६०च्या दशकात आकाशाशी जुळणारे पंचांग सुरू केले. ते पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखले जाते. पण तिथे एक घोटाळा झाला. केरोपंतांनी ग्रहगणित सुधारताना राशिचक्राचा आरंभबिंदूही बदलला. रेवतीचा एक विशिष्ट तारा धरला, त्यामुळे इतरांच्या अयनांशांशी सुमारे चार अंशांचा फरक पडला. परिणामी काही वर्षी अधिक मासच वेगळा येई. खरे तर तिथी ही चंद्र आणि सूर्य यांच्यातल्या अंतरावर अवलंबून असते. आरंभबिंदू कुठेही धरा, तिथी बदलत नाही. म्हणजे हे दोन वेगळे प्रश्न होते. पहिल्याचे उत्तर आकाश देऊ शकत होते. दुसरा ठरवून घेण्याचा होता, त्याला आकाशाकडे उत्तर नव्हते. दोन्ही बदल एकदम आल्याने लोकांनी दोन्ही एकत्रच नाकारले. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ च्या आपल्या इतिहासात हे धागे वेगळे करून दाखवले, आणि टिळकांनी १९०४ च्या मुंबईच्या परिषदेपासून १९२० च्या सांगलीच्या परिषदेपर्यंत हा प्रश्न लावून धरला. तरी वर्षानुवर्षे दोन पंचांगे, दोन दिवाळ्या असे चालतच राहिले.

स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. देशात तेव्हा तीसएक पंचांगपद्धती चालू होत्या. समितीचा अहवाल १९५५ चा. २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय शक दिनदर्शिका लागू झाली. तिथीसाठी समितीने आकाशाशी जुळणारे गणित घेतले, आणि ते साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशासाठी केले. ही रेषा काशीच्या जवळून, मिर्झापूरकडून जाते. आरंभबिंदूसाठी मात्र समितीने २३ अंश १५ कलांचे अयनांश धरून तडजोड केली. एक प्रश्न मोजून सोडवला, दुसरा ठरवून. निदान या वेळी ते दोन वेगळे ठेवले.

आज काशीत बापूदेवांच्या नावाचे दृक्सिद्ध पंचांग त्याच संस्कृत विश्वविद्यालयातून निघते. हिंदू विश्वविद्यालयाचे विश्वपंचांग आहे, बाजारात हृषीकेश पंचांग आहे, आणि आता प्रत्येकाच्या खिशात फोनवरचे पंचांग आहे. एखाद्या व्रताला दोन पंचांगांत दोन दिवस निघाले की घरात वाद होतो, आणि मग कुणीतरी तिसरे पंचांग उघडून बहुमताने निर्णय देतो. इथे ग्रीनिचची एक जुनी गोष्ट आठवते. ‘नॉटिकल अल्मनॅक’चे गणित घरी बसून करणारी माणसे असत. चूक सापडावी म्हणून प्रत्येक गणित दोघांकडून वेगवेगळे करून घेत आणि तिसरा माणूस ते ताडून पाहत असे. १७७०च्या सुमारास उघडकीस आले की दोन गणक एकमेकांची उत्तरे उतरवून घेत होते. त्यांना काढून टाकण्यात आले. दोन उत्तरे जुळली म्हणजे ती बरोबर असतात असे नाही. ती एकाच पाटीवरून उतरवलेली असू शकतात. फोनवरची चार पंचांगे जुळतात तेव्हाही ती एकाच कोष्टकावरून निघाली आहेत का, हे विचारले पाहिजे.

मानमंदिराच्या गच्चीवर गेलेल्या पाहुण्याला एक मोह आवरत नाही. तो सम्राटयंत्राची सावली वाचतो आणि हातातले घड्याळ पाहतो. नोव्हेंबरच्या आरंभी गेलात तर यंत्र घड्याळाच्या सुमारे अठरा मिनिटे पुढे असते, फेब्रुवारीच्या मध्याला बाराएक मिनिटे मागे. ‘यंत्र चुकते आहे,’ असे म्हणून पाहुणा खाली उतरतो. यंत्र चुकत नाही. घड्याळ सांगते ती साडेब्याऐंशी रेखांशाची, वर्षभराची सरासरी काढलेली वेळ. यंत्र सांगते ती याच गच्चीवरची, आजच्या खऱ्या सूर्याची वेळ. काशी त्या रेखांशाच्या थोडी पूर्वेला आहे, त्याची दोन मिनिटे. उरलेली मिनिटे पृथ्वीच्या कलत्या आसाची आणि तिच्या लंबवर्तुळाकार वाटेची. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, प्रश्न दोन आहेत.

केशव दैवज्ञापासून बापूदेवांपर्यंतच्या या माणसांचे खरे काम हे वेगळे काढण्याचे होते. आकडा जुळला नाही की कुणी ग्रंथाला दोष देई, कुणी यंत्राला, कुणी कलियुगाला. त्यांतल्या थोड्यांनी थांबून विचारले की चूक नेमकी कुठे आहे, आणि ती मुळात चूक आहे का. ज्यांनी उत्तराबरोबर कारणही लिहून ठेवले, त्यांचे काम पुढच्याला उपयोगी पडले. आणि ज्यांनी दुरुस्ती बरोबर केली त्यांना कळले की आता खरी अडचण सुरू झाली, कारण चुकीच्या आधाराने जगणाऱ्यांची समजूत अजून घालायची होती. बापूदेवांचे पंचांग निघाले त्याला दीडशे वर्षे होत आली. ती समजूत घालणे अजून चालूच आहे.